ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण: चिखलात कधी दाबायचं, किती वेळ दाबायचं आणि घाटात हात का लावायचा नाही

मागच्या मे महिन्यात खडकवासल्याच्या अलीकडे एका लॉनवर लग्न होतं. ताटात जिलबी पडायला आणि वळीव कोसळायला एकच गाठ पडली. पार्किंग म्हणजे शेजारच्या शेतावर जेसीबी फिरवून सपाट केलेली काळी माती. पाऊण तासात तिची रबडी झाली. निघताना गाडी सुरू केली, पहिला टाकला, दोन हात पुढे सरकलो आणि थांबलो. अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय तर इंजिनाचा आवाज चढायच्या ऐवजी दबतोय, आणि मीटरमध्ये घसरत्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकतंय.

शेजारी मामा. "अरे, रेस दे की!"

"देतोय मामा. घेत नाहीये."

"मग बिघडली."

बिघडली नव्हती. वॉचमन छत्री घेऊन आला, बाजूनं वाकून पुढची चाकं बघितली आणि म्हणाला, "साहेब, दोन्ही फिरतायत, पण निस्ती जागच्या जागी." त्या एका वाक्यानं काम झालं. डॅशबोर्डवरचं बटण एकदाच टिचकन दाबलं, स्टीअरिंग सरळ केलं, दुसरा गिअर, हलकी रेस. चाकांनी चिखलाची कारंजी उडवली, वॉचमनची पँट खराब केली आणि गाडी रस्त्याला लागली.

मागेच एक पांढरी सेडान अडकली होती. तिचं पुढचं डावं चाक लॉनच्या कडेच्या चरात उतरलं होतं. माझं पाहून त्या गृहस्थांनीही बटण दाबलं, आणि दाबून धरलं. मग चरातलं चाक भिंगरीसारखं फिरू लागलं आणि गवतावरचं उजवं चाक ढिम्म. त्यांना जाऊन उलटं सांगावं लागलं: काका, तुम्ही चालू करा आणि रेस सोडू नका. दोन-तीन झटके खात तीही निघाली.

एकच पाऊस, एकच पार्किंग, गाड्याही साधारण सारख्याच, आणि उपाय बरोबर उलटे. "चिखलात ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं" हा सल्ला म्हणूनच अर्धाच आहे. पूर्ण सल्ला एका प्रश्नापासून सुरू होतो: एक चाक फिरतंय की दोन्ही?

ही सिस्टीम नक्की करते काय

आधी एक गैरसमज. ट्रॅक्शन कंट्रोल टायरची पकड वाढवत नाही. पकड टायर आणि रस्ता यांच्यात जेवढी असेल तेवढीच. ही सिस्टीम फक्त एवढं बघते, की त्या पकडीला पेलेल त्याहून जास्त ताकद इंजिनाकडून चाकाला जाऊ नये.

चारही चाकांच्या हबजवळ वेग मोजणारे सेन्सर असतात. हे मूळचे एबीएसचे, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टीमचे. बॉशनं बनवलेलं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आलं, आणि पुढे त्याच सेन्सरांवर आणि त्याच पंपावर ट्रॅक्शन कंट्रोल उभं राहिलं. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे पाया प्रत्येक नव्या गाडीत आहे. वरचा मजला मात्र व्हेरिएंट बघून मिळतो. ब्रेक मारताना एखादं चाक इतरांपेक्षा हळू फिरलं तर ते लॉक होतंय, म्हणून एबीएस तिथला ब्रेक सोडतं. वेग देताना एखादं चाक इतरांपेक्षा जोरात फिरलं तर ते घसरतंय, म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल मध्ये पडतं.

मध्ये पडण्याचे मार्ग दोन. एक, इंजिनाची ताकद कमी करणं. हल्लीच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरला केबल नसते. तुमचा पाय म्हणजे फक्त एक विनंती असते, आणि कॉम्प्युटर ती नाकारू शकतो. मामांना "बिघडली" वाटली ती याच क्षणी. दुसरा मार्ग, घसरणाऱ्या चाकाचा तेवढा ब्रेक गाडीनं स्वतःच दाबणं. तेव्हा पायाखाली घर्रर्र असा पंपाचा आवाज येतो.

हा दुसरा मार्ग नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथे आहे. साध्या गाडीतला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांमधला गिअरांचा जोड, दोन्ही चाकांना सारखीच ताकद वाटतो, अगदी कोर्टानं ठरवल्यासारखी. पण त्या वाटणीची अट विचित्र आहे: कमकुवत भाऊ जेवढं पेलेल तेवढंच सबळालाही मिळणार. समजा, चिखलातलं डावं चाक २०० न्यूटन मीटरच (चाक फिरवणारी ताकद यात मोजतात) पेलतंय. मग कोरड्यावरच्या उजव्या चाकालाही २०० च. दोन्ही मिळून ४००, आणि गाडी हलायला लागतात ७००. बसा ओरडत. आता कॉम्प्युटरनं डाव्या चाकाला ६०० चा ब्रेक लावला. डाव्या बाजूला चिखलाचे २०० अधिक ब्रेकचे ६०० असा ८०० चा विरोध उभा राहिला, म्हणून उजव्या चाकालाही ८०० मिळाले. गाडी निघाली. डावीकडचे ६०० ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया गेले, जाऊ देत.

म्हणजे चरातल्या सेडानला ज्यानं बाहेर काढलं ते ट्रॅक्शन कंट्रोलच होतं. बंद करून त्या काकांनी स्वतःचा एकमेव मदतनीस घरी पाठवला होता.

माझ्या गाडीचं दुखणं वेगळं होतं. दोन्ही चाकं सारख्याच चिखलात. ज्याला द्यायचं असं कोरडं चाकच नाही. तिथे सिस्टीम एकच करू शकते, इंजिन दाबणं. काळ्या मातीत हे घातक, कारण ही माती ओली झाली की टायरच्या खाचांत जाऊन बसते आणि टायरचा गुळगुळीत लाडू होतो. खाचा मोकळ्या व्हायला चाक थोडं जोरात फिरून माती भिरकावावी लागते, आणि नेमकं तेच फिरणं सिस्टीम होऊ देत नाही. थोडी गती धरली असती तर निघालो असतो, ती गतीही ती मारते.

मीटरमधले दिवे

इग्निशन ऑन केल्यावर मागे दोन नागमोडी रेघा असलेल्या गाडीचं चित्र काही सेकंद लागून विझतं का बघा. लागत असेल तर तुमच्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल (वळणावर सटकणारी गाडी रेषेत आणणारं) आणि ट्रॅक्शन कंट्रोल आहे. लागतच नसेल तर बहुधा तुमच्या व्हेरिएंटमध्ये ते नाही, आणि बटण शोधण्यात अर्थ नाही.

चालवताना तेच चित्र लुकलुकलं, तर सिस्टीम त्या क्षणी काम करतेय. घाबरू नका, पाय थोडा हलका करा. चित्राखाली "ऑफ" असं लिहून दिवा स्थिर राहिला, तर ती तुम्ही (किंवा सर्व्हिसिंगहून आल्यावर तिथल्या मुलानं) बंद केली आहे. "ऑफ" नसताना स्थिर राहिला, तर बिघाड. त्याबरोबर एबीएसचाही दिवा असेल तर ब्रेक साधे चालतील, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. बेतानं चालवत गॅरेज गाठा.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक. मोटर क्षणात पूर्ण ताकद देते, त्यामुळे ओल्या सिग्नलवरून, विशेषतः मेट्रोच्या कामाजवळ टाकलेल्या लोखंडी प्लेटांवरून निघताना हा दिवा पेट्रोल गाडीपेक्षा जास्त वेळा दिसतो. मोटरला आवरणंही तितकंच झटपट होतं, त्यामुळे धक्का कमी जाणवतो.

बटण कुठे, आणि दाबायचं किती वेळ

नावांचा घोळ आहे. कुठे ईएसपी, कुठे ईएससी, टोयोटात व्हीएससी (स्टॅबिलिटी) आणि टीआरसी (ट्रॅक्शन), होंडात व्हीएसए, बीएमडब्ल्यूत डीएससी. बटण बहुतेक वेळा स्टीअरिंगच्या उजवीकडे गुडघ्याच्या वर, हेडलाइट खालीवर करण्याच्या चाकाशेजारी असतं. काही गाड्यांत गिअरजवळ. नव्या गाड्यांत ते टचस्क्रीनच्या मेन्यूत जाऊन बसलंय. हा मला शुद्ध आचरटपणा वाटतो: चिखलानं भरलेल्या बोटांनी, पावसात, तीन पायऱ्या आत शिरून एक सेटिंग शोधायची. असो. तुमची गाडी तशी असेल तर आज घरी बसून रस्ता पाठ करून ठेवा.

खरी मेख दाबण्याच्या वेळेत आहे. बऱ्याच गाड्यांत एकाच बटणाचे दोन अर्थ असतात.

ह्युंदाई आणि कियाच्या पुस्तिकांप्रमाणे टिचकी मारली की इंजिन दाबणं थांबतं, पण चाकाला ब्रेक लावण्याचं काम चालू राहतं. तीन सेकंदांहून जास्त दाबून धरलं की दोन्ही बंद. टोयोटात टिचकीनं फक्त टीआरसी बंद होतं, आणि वेग वाढला की आपोआप परत येतं. गाडी उभी असताना तीन सेकंदांहून जास्त दाबलं तर व्हीएससीसुद्धा जातं, आणि मग वेग वाढला तरी ते आपणहून परत येत नाही.

म्हणून चिखलासाठी आधी टिचकीच. इंजिनाला मोकळीक मिळते आणि एक चाक जास्त भिरभिरलं तर त्याला धरणारा ब्रेकही शाबूत राहतो. ज्या गाड्यांत हा मधला टप्पा आहे तिथे याहून चांगली अवस्था नाही. लोक मात्र "पूर्ण बंद केलं की पूर्ण ताकद" अशा हिशेबानं बटण दाबून धरतात. सगळ्याच गाड्यांत दोन टप्पे नसतात, काहींत दाबून धरल्याशिवाय काहीच होत नाही. पुस्तिकेतलं ते पान वाचा आणि फोटो काढून फोनमध्ये ठेवा.

या बटणानं एबीएस बंद होत नाही. इग्निशन बंद करून चालू केलं की ट्रॅक्शन कंट्रोल पुन्हा चालू झालेलं असतं. काय दाबलं याचा गोंधळ झाला तर हाच सोपा मार्ग.

क्रेटा, सेल्टॉससारख्या काही गाड्यांच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये स्नो, मड, सँड असे मोड आहेत, हॅरियरमध्ये रफ आणि वेट. असा मोड असेल तर आधी तो लावा. मड किंवा सँडमध्ये सिस्टीम चाकाला थोडं जास्त फिरू देते. त्यानं भागलं तर बटणाकडे जायला नको.

रुतलेली गाडी काढताना

चाकं फिरायला लागली आणि गाडी हलेना, की पहिलं काम म्हणजे पाय काढणं. प्रत्येक जादा सेकंद खड्डा खोल करतो. गाडी पोटावर टेकली, म्हणजे खालचा भाग मातीवर बसला, की बटण, मोड, मामा, कशाचाच उपयोग नाही. तिथून पुढे फावडं नाही तर ट्रॅक्टर.

मग कुणालातरी उतरवा. उभं राहायचं ते गाडीच्या बाजूला, चाकांच्या रेषेत पुढे किंवा मागे कधीच नाही. चाकाखालून सुटलेला दगड किंवा वीट गोफणीसारखी येते. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते की मागच्या, हेही त्या माणसाला सांगा. बलेनो, नेक्सॉन, क्रेटा, एर्टिगा पुढच्या चाकांवर. इनोव्हा क्रिस्टा, बोलेरो मागच्या. नाहीतर तो निवांत फिरत नसलेल्या चाकाकडे बघून "काहीच होत नाहीये" सांगत बसतो.

आता हलकी रेस देऊन विचारा: एक की दोन्ही?

एकच फिरत असेल तर ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवा आणि रेस धरून ठेवा. इथे लोक चुकतात. घर्रर्र आवाज आला, गाडी थरथरली की ते घाबरून पाय काढतात. ब्रेकला ते चाक पकडायला, सोडायला, पुन्हा पकडायला दोन-तीन सेकंद लागतात. तोवर पाय मध्यम आणि स्थिर ठेवायचा. तीन-चार प्रयत्नांत निघाली नाही तर थांबा. ब्रेक जास्त तापले तर सिस्टीम काही वेळ स्वतःहून सुट्टी घेते.

दोन्ही फिरत असतील तर टिचकी मारून बंद करा. स्टीअरिंग सरळ करा. वळलेली चाकं पुढच्या मातीला नांगरासारखी अडतात. मॅन्युअल असेल तर दुसरा गिअर, म्हणजे ताकद मऊ उतरते. एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप चालवणारी मॅन्युअल) किंवा ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोडवर दुसरा, घेत असेल तर. मागे आपलेच ठसे आहेत आणि तिथली माती दाबली गेलीय, म्हणून शक्य असेल तर पुढे झुंजण्याऐवजी रिव्हर्सच घ्या. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा उत्तर मागेच असतं.

नुसत्या रेसनं नाही निघाली तर झोका द्यायचा. थोडं पुढे, गाडी थांबायच्या आत पाय काढायचा, तिला मागे येऊ द्यायचं, मागून परत येताना पुन्हा हलकी रेस. पाळणा हलवावा तसं. ऑटोमॅटिकमध्ये डी आणि आर बदलताना चाकं थांबलीच पाहिजेत. ड्युअल क्लच गाड्यांना हा खेळ मानवत नाही. तापल्याची सूचना आली की इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये वाट बघा. मॅन्युअलवाल्यांना क्लच जळल्याचा वास आला तर तीच सूचना.

वेगाचा काटा ३० च्या पुढे जाऊ देऊ नका. एक चाक थांबलेलं आणि दुसरं फिरतंय, अशा वेळी डिफरन्शियलमुळे फिरणारं चाक दुप्पट वेगानं फिरतं. गिअरबॉक्सच्या हिशेबानं ३० असेल तर ते चाक ६० नं फिरत असतं. टायर तापून फुटलेला मी पाहिलेला नाही, पण बघायचाही नाही.

चाकाखाली घालायला काय? खडी, विटांचे तुकडे, गोणपाट, उसाचं पाचट, वाळलेल्या फांद्या. गाडीतली रबरी मॅट शेवटचा पर्याय, उलटी करून, खिळ्यांची बाजू वर. ती मागे भिरकावली जाणार आहे आणि पुन्हा पहिल्यासारखी होणार नाही, हे मान्य असेल तरच.

आणि ट्रॅक्टर बोलवायचा झाला तर दोर बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला बांधू देऊ नका, दादा कितीही म्हणाले "काय होत नाही" तरी. डिकीत जॅकशेजारी टोइंगचा हूक असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आत फिरवायचा. कित्येक गाड्यांत आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून घट्ट होतात. दोर ताणला की सगळ्यांना लांब उभं करा.

कोकणातली वाळू

दापोली, गुहागरकडे पुण्याच्या पासिंगची एखादी गाडी वाळूत रुतलेली आणि भरती चढतेय, हे दृश्य दर सुट्टीत कुठे ना कुठे दिसतंच. किनाऱ्यावर गाडी घालूच नका. स्थानिक पोलीस कारवाई करतात, आणि खाऱ्या पाण्यानं गाडीच्या पोटातलं लोखंड खाल्लेलं सहा महिन्यांनी कळतं.

पण रिसॉर्टच्या दारातल्या वाळूतही रुतू शकता, म्हणून थोडक्यात. वाळूत दोन्ही चाकं सारखीच घसरतात, गती सर्वांत महत्त्वाची, आणि ट्रॅक्शन कंट्रोल ती मारतं. तेव्हा बंद. पण बटणापेक्षा मोठा उपाय हवा कमी करण्याचा. नेहमीच्या ३२-३३ पीएसआयवरून २० पर्यंत उतरवा. टायर पसरतो, ठसा लांब होतो, रुतणं कमी होतं. चाकापुढची वाळू हातानं उपसा, स्टीअरिंग सरळ, हळू निघा, आणि पक्क्या जमिनीवर येईपर्यंत थांबू नका. पक्क्यावर आल्यावर मात्र थांबा आणि हवा भरा. २० पीएसआयवर घाट चढणं म्हणजे टायर रिममधून निसटायला आमंत्रण. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा पंप गाडीत असू द्या.

जिथे बटणाला हात लावायचा नाही

सिंहगडाच्या घाटात रविवारी सकाळी वर जाताना गर्दी तुंबते आणि तीव्र वळणावर चढातच थांबावं लागतं. तिथून निघताना पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हटकून दिवा लुकलुकतो आणि टायर चिर्र करतो. चढामुळे वजन मागे गेलेलं, वळणामुळे बाहेर गेलेलं. आतलं पुढचं चाक जवळजवळ हवेत. ते एक चाक फिरतंय. म्हणजे वरच्या प्रश्नाचं उत्तर "एक", आणि उपाय "चालू ठेवा". एका मित्रानं याच जागी "पॉवर मारतंय रे" म्हणून बंद केलं. टायरचा वास आला, गाडी जागची हलली नाही, आणि मागून भजी-पिठल्याच्या ओढीनं निघालेल्या चाळीस गाड्यांनी हॉर्न लावला.

ताम्हिणीत, वरंध्यात, पावसाळ्यात कुठल्याही घाटात बंद करायचं नाही, कारण बऱ्याच गाड्यांत या बटणाबरोबर स्टॅबिलिटी कंट्रोलही कमी होतं किंवा जातं. ती वेगळी आणि जास्त मोलाची गोष्ट. १९९५ साली मर्सिडीजमध्ये आलेली ही प्रणाली स्टीअरिंग किती वळलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय याची तुलना करते, आणि फरक दिसला की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी रेषेत आणते. कडेच्या शेवाळावरून मागची बाजू सटकली तर तुम्हाला कळायच्या आत तिनं काम केलेलं असतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर ओल्या वळणावर जास्त रेस दिली की शेपूट बाहेर जाणं ठरलेलंच. तिथे हे बंद ठेवणं म्हणजे दरीच्या काठावर शेपटीची परीक्षा घेणं.

पहिल्या पावसातला शहरातला रस्ता हाही त्यातलाच. वर्षभराचं तेल आणि धूळ वर येते, झेब्राचे पांढरे पट्टे साबणासारखे होतात. पुण्यातल्या, अपघातांसाठी बदनाम नवले पुलाकडच्या उताराबद्दल मी वेगळं सांगायला नको.

"बंद केल्यावर पिकअप वाढतो का?" कोरड्या रस्त्यावर चाकं घसरत नसतील तर ही सिस्टीम काही करतच नाही, जी काही करत नाही ती बंद करून काय वाढणार? मायलेजचंही तेच.

पाण्याच्या डबक्यावर टायर तरंगायला लागला तर मात्र चालू असो वा बंद, ती फारसं करू शकत नाही. तिथे टायरच्या खाचाच पाणी बाहेर फेकतात. कायद्यानं खाच किमान १.६ मिलिमीटर लागते. पावसाळ्यासाठी मी ३ च्या खाली टायर ठेवत नाही. खाचेच्या तळाशी लहान उंचवटे असतात. टायर त्यांच्या पातळीला आला की तो कायद्यानंही संपला.

दिवा जातच नसेल तर

चिखलातून बाहेर आल्यावर पहिलं म्हणजे बटण परत दाबा, "ऑफ" गेलं का बघा. हे विसरायला होतं. मी त्या लग्नाहून धायरीपर्यंत तसाच आलो होतो.

"ऑफ" नसताना दिवा राहिला तर क्रमानं बघा. चाकाच्या आत सेन्सरवर चिखल बसलाय का. बहुतेक वेळा पाण्यानं धुतलं की काही अंतर चालवल्यावर दिवा जातो. बॅटरी नुकतीच काढून लावली असेल, तर इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि थोडं सरळ चालवा. स्टीअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर अनेक गाड्यांत यानं जागेवर येतो. व्हील अलाइनमेंट केल्यावर दिवा लागला तर त्याच सेन्सरचा शून्य बिंदू स्कॅनर लावून पुन्हा ठरवावा लागतो. अलाइनमेंटवाला "त्याचा काही संबंध नाही" म्हणेल. संबंध आहे. चारपैकी एक टायर वेगळ्या मापाचा किंवा एक नवा आणि तीन गुळगुळीत असतील तर चाकांचे वेग जुळत नाहीत आणि सिस्टीम गोंधळते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर असतील तर सेन्सरची वायर त्यांची आवडती. बोनेट उघडून आणि चाकाच्या आत टॉर्च मारून बघा. ब्रेक लाइटचा स्विच खराब झाला तरी काही गाड्यांत हाच दिवा लागतो, म्हणून मागे ब्रेक लाइट लागतोय ना, हेही कुणाला तरी बघायला सांगा. एवढं करून राहिला तर स्कॅनर. चेसिसचे कोड "सी" नं सुरू होतात आणि कुठल्या चाकाचा सेन्सर ते त्यावरून कळतं. मेकॅनिक कोड न बघता थेट एबीएसचं युनिट बदलायला सांगत असेल तर गाडी घेऊन निघा. ते युनिट महाग असतं आणि दोष बहुतेकदा सेन्सर किंवा वायरीत निघतो.

एक राहिलं. चिखलातून आल्यावर दुसऱ्या दिवशी हायवेला ८० च्या वर स्टीअरिंग थरथरायला लागलं तर अलाइनमेंटला पळू नका. रिमच्या आतल्या बाजूला काळी माती वाळून विटेसारखी बसते आणि चाकाचं बॅलन्सिंग बिघडतं. धुणारा पोरगा रिम बाहेरूनच चकाचक करतो. त्याला सांगायचं, स्टीअरिंग पूर्ण वळवून पाइप आतून मार. माझ्या एका चाकातून ओंजळभर माती निघाली, आणि तिच्यात लग्नातली एक अक्षताही होती.